पोट, जिवाणू आणि प्रतिकारशक्ती: वाचकांचे प्रश्न

आतड्यातले जिवाणू, आहार आणि प्रतिकारशक्ती या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं गाळली आहेत. उत्तरं पोटविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न: चोथा (फायबर) म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न, ते नीट मिळालं की प्रतिकारशक्ती सुधारते, असं एका व्याख्यानात ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून रोज दोन वाट्या उसळ, भरपूर कोशिंबीर आणि सकाळी मोड आलेले कच्चे मूग सुरू केले. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, आठवड्यात सगळं सोडलं. माझ्या पोटाला हे मानवत नाही असं समजू का?
(कोल्हापूर)

उत्तर: घाई झाली, एवढंच. उसळीचा जो भाग लहान आतड्यात पचत नाही तो मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून एक तर वायू तयार होतो आणि दुसरं म्हणजे अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी स्निग्धाम्लं. वायू तुम्हाला जाणवला. स्निग्धाम्लं जाणवत नाहीत, पण खरं काम त्यांचंच आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना लागणारी बरीचशी ऊर्जा ब्युटिरेट पुरवतं. ते पुरेसं असलं की अस्तर घट्ट राहतं, त्यावरचा बुळबुळीत श्लेष्मा नीट तयार होतो आणि प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या टी-पेशींना बळ मिळतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांचा चोथा पूर्ण तोडला, तेव्हा जिवाणूंनी उपाशी न राहता श्लेष्म्याचा थरच खायला घेतला. थर पातळ झाला आणि आतड्याला रोग लावणाऱ्या जंतूला आयती वाट मिळाली. माणसाचा आहार इतका टोकाचा नसतो, पण यंत्रणा कळायला हा प्रयोग चांगला आहे.

आता प्रमाण. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सांगते, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा २००० कॅलरींच्या आहाराला ३० ग्रॅमच्या आसपास आहे. हे आपल्या ताटात बसवणं अजिबात अवघड नाही. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांत १० ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत साडेचार, तेवढ्याच तुरीच्या वरणात पावणेतीन, एका मध्यम पेरूत आठ आणि १०० ग्रॅम मेथीच्या भाजीत जवळपास पाच, म्हणजे तिशी गाठली. उलट १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमसुद्धा नसतो. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, रात्री पुन्हा भात आणि बटाट्याची भाजी अशा दिवसात १२-१५ ग्रॅमही पोटात जात नाहीत. पोळीची कणीक चाळून कोंडा फेकण्याची सवय असेल तर तेही थांबवा.

तुम्ही आठवडाभरात तिप्पट उडी मारली. जिवाणूंची वस्ती नव्या खुराकाला सरावायला दोन ते चार आठवडे घेते. म्हणून आठवड्याला साधारण पाच ग्रॅमची वाढ ठेवा. पहिला आठवडा दिवसाआड अर्धी वाटी मुगाची किंवा मसुराची उसळ. दुसऱ्या आठवड्यात तेच रोज. तिसऱ्यात एका वेळचा भात काढून भाकरी. चौथ्यात एक फळ आणि उसळ पाऊण वाटी. हरभरा, राजमा, वाटाणा, छोले सगळ्यांत शेवटी, कारण वायू करणाऱ्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा त्यांत भरपूर असतात. कडधान्य ८ ते १० तास भिजवून ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. या साखरांचा काही भाग पाण्यासोबत जातो, मोड आणल्यावर आणखी कमी होतो. लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा मात्र घालू नका, त्यानं थायमिन (बी१ जीवनसत्त्व) नष्ट होतं. पाणी दिवसाला दोन लिटरच्या पुढे हवं, नाहीतर वाढवलेला चोथा उलट बद्धकोष्ठ करतो.

कच्चे मोड बंदच करा. मोड ज्या ओलसर उबेत येतात तिथे साल्मोनेला आणि ई. कोलायसुद्धा तितक्याच आनंदानं वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, ५० हून अधिक माणसं गेली आणि माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत. मोड पाच-सात मिनिटं वाफवून घेतले तर चोथा कुठेही जात नाही. गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस घरात असेल तर यात तडजोड नको.

इसबगोलाबद्दलही अनेकांनी विचारलं आहे. चमचा-दोन चमचे भरपूर पाण्यासोबत घेतल्यास शौचाला उत्तम मदत होते आणि वायूही फारसा होत नाही. त्याचं कारणच हे की जिवाणू तो फारसा आंबवू शकत नाहीत. म्हणून इसबगोल घेतला की उसळीची सुट्टी, असा हिशेब चालणार नाही.

एवढ्या बेतानं जाऊनही महिन्याभरानंतर पोट फुगतच असेल, किंवा शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय यांपैकी काही असेल, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून तपासणी करून घ्या.

प्रश्न: घरच्या दह्यातले जिवाणू पोटात टिकतात का? कढी केली तर ते मरतात ना? आमच्या दह्याला मध्येच तार सुटते, ते खावं का?
(रत्नागिरी, नागपूर आणि अन्य)

उत्तर: टिकून वस्ती करत नाहीत. बरेचसे जठरातल्या आम्लात मरतात, काही जिवंत पुढे जातात आणि दही बंद केलं की काही दिवसांत शौचात सापडेनासे होतात. तरी दही उपयोगाचं का? ते वाटेनं जाता जाता काम करतात म्हणून. विरजताना दुधातलं काही लॅक्टोज, म्हणजे दुधाची साखर, त्यांनी आधीच संपवलेलं असतं आणि उरलेलं पचवायला त्यांचं विकर (एन्झाइम) पोटात मदत करतं, त्यामुळे दुधानं ज्यांना त्रास होतो त्यांना दही चालतं. शिवाय स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आंबवलेले पदार्थ रोज भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाची १९ प्रथिनं घटली. अभ्यास छोटा आहे आणि त्यातली माणसं दिवसाला अशा पदार्थांच्या सहा वाट्या-पेल्यांपर्यंत गेली होती. आपल्याला दोन वाट्या दही किंवा दोन पेले ताक रोज, हे झेपण्यासारखं आहे.

कढी उकळली की जिवाणू मेले. प्रथिनं आणि कॅल्शियम राहतं, म्हणून कढी वाया गेली असं कुणी म्हणू नये. मठ्ठ्याला वरून गार झालेली फोडणी दिली तर जिवाणू शाबूत राहतात. इडली-डोशाचं पीठ जिवंत असतं, इडली नसते. नाचणीच्या आंबिलीत ताक आधी घालून शिजवण्याऐवजी शिजवलेली पेज कोमट झाल्यावर घाला. लोणच्यात मीठ आणि तेल इतकं असतं की त्याला या यादीत धरू नका. श्रीखंडाबद्दलही विचारणा आहे: चक्क्यात जिवाणू असतात, पण त्यांच्या नावाखाली किती साखर खायची हे ज्याचं त्यानं ठरवावं.

विरजण बिघडतं ते बहुधा तापमानापायी. दूध उकळून चार-पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा, त्यानं दही घट्ट लागतं. मग ४० ते ४३ अंशांपर्यंत निवू द्या, म्हणजे बोट बुडवून सहज ठेवता येईल इतपत. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा ताजं विरजण पुरतं, ते आधी दोन चमचे दुधात फेटून घ्या. दूध फार गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात आणि सकाळी भांड्यात दूधच मिळतं. फार गार असेल तर आंबट होण्याआधीच चिकटा करणारे जिवाणू वरचढ होतात, तीच तुमची तार. अशा दह्यात चिकट शर्करा तयार झालेली असते. वास आणि चव बरी असेल तर ते सहसा अपायकारक नसतं, पण त्यातलं विरजण पुढे चालवू नका. दुसऱ्या घरून किंवा ताज्या साध्या दह्याचं विरजण आणा, भांडं कडकडीत पाण्यानं धुवा आणि थंडीत भांडं गुंडाळून ठेवा. पाच ते सात तासांत लागलं की लगेच फ्रिजमध्ये. वर सुटलेलं पाणी ओतू नका, मिसळून घ्या. गुलाबी किंवा नारिंगी डाग, किंवा बुरशी दिसली तर मात्र सगळं भांडं फेकायचं, वरचा थर काढून नाही.

प्रश्न: जुलाब झाले की आमच्याकडे मेडिकलमधून दोन औषधं एकत्र असलेली गोळी आणि प्रोबायोटिकची कॅप्सूल आणतात. अँटिबायोटिकनं मेलेले जिवाणू कॅप्सूलनं भरून येतात हे खरं का? कॅप्सूल किती दिवस घ्यावी?
(पुणे)

उत्तर: आधी गोळीबद्दल. साधे पाण्यासारखे जुलाब बहुतेकदा विषाणूंमुळे किंवा खाण्यातल्या बाधेमुळे होतात आणि दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. त्यात अँटिबायोटिकचा उपयोग शून्य, नुकसान मात्र पक्कं. ताप असेल, शौचात रक्त असेल किंवा जुलाब थांबत नसतील, तर ती गोळी डॉक्टरनं ठरवायची, काउंटरवर नाही. खरं औषध आहे ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. एका पेल्यात अर्धं पाकीट ढवळलं तर द्रावण इतकं तीव्र होतं की पाणी शरीरात जायच्या ऐवजी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मुलांना सोबत झिंक: सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०, एकूण १० ते १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून झिंक मध्येच सोडू नये. खोक्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून देऊ नका. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये अशा पेयांवर हा शब्द छापायला मनाई केली आहे.

आता कॅप्सूल. जिवाणू ‘भरून येतात’ ही कल्पना फार सोपी आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेनं २०१८ मध्ये दाखवलं की अँटिबायोटिकनंतर अनेक जातींचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे मूळचे जिवाणू परतायला, काहीही न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. पाहुण्यांनीच जागा अडवली. दुसऱ्या बाजूला, अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब कमी करायला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बोलार्डी यांचा काही प्रमाणात उपयोग होतो. म्हणून आमचं मत असं: पूर्वी अँटिबायोटिकनं जुलाब झालेल्या माणसानं औषधाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत यांपैकी एक सुरू करावं आणि औषध संपल्यावर थोड्या दिवसांत थांबवावं. महिनोन् महिने घेण्यात अर्थ नाही. जिवाणूंची कॅप्सूल अँटिबायोटिकपासून दोन तास लांब ठेवा. बोलार्डी हे किण्व (यीस्ट) आहे, अँटिबायोटिकनं ते मरत नाही, त्याला अंतर नको. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या, अवयवरोपण झालेल्या किंवा मानेत-छातीत नळी घातलेल्या रुग्णाला यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अशांच्या रक्तात हेच किण्व शिरल्याच्या नोंदी आहेत.

जाता जाता: सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक चालू असताना ‘पोटाला बरं’ म्हणून त्याच घासाला दही खाल्लं तर कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं आणि औषध पुरतं शोषलं जात नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. अँटिबायोटिकनंतर काही आठवड्यांत पाण्यासारखे जुलाब, ताप आणि पोटदुखी सुरू झाली तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊन घरी बसू नका, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जिवाणूची तपासणी लागते.

प्रश्न: सुनेचं सिझेरियन झालं. बाळाला आईचे जिवाणू मिळाले नाहीत, म्हणून प्रतिकारशक्ती कमी राहील असं शेजारी म्हणतात. मध चाटवला तर चालेल का? आणि पुढे वरचं अन्न कसं द्यावं?
(आजी, सिन्नर)

उत्तर: आजी, मध वर्ष पुरं होईपर्यंत बोटावरसुद्धा नको. त्यातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंना मोठ्यांचं आतडं दाद देत नाही, पण बाळाच्या आतड्यात ते रुजून लकवा आणणारं विष तयार करू शकतात. गुटी आणि वरचं पाणीही सहा महिने नको.

सिझेरियनच्या बाळाची सुरुवातीची वस्ती वेगळी असते हे खरं, पण पुढच्या महिन्यांत ती तफावत पुष्कळ कमी होते, आणि त्यात सगळ्यात मोठा हात अंगावरच्या दुधाचा. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशाखालोखाल असतात त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत अशा शर्करा. त्या बाळासाठी नाहीतच, बायफिडोबॅक्टेरिअम जिवाणूंसाठी आहेत. सोबत आयजीए ही प्रतिपिंडं आतड्याच्या भिंतीवर पहारा देतात, आणि ती सर्वाधिक असतात पहिल्या चिकात. म्हणून टाके असले तरी पहिल्या तासाच्या आसपास बाळ छातीला लावावं, कुशीवर झोपून पाजता येतं.

ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि त्याचं खाद्य असलेली शर्करा दिली, तेव्हा सेप्सिस (अंगभर पसरणारा गंभीर जंतुसंसर्ग) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २०१७ चा आहे. मात्र तो ठरावीक जातीचा, ठरावीक मात्रेचा आणि अंगावर पिणाऱ्या बाळांवरचा होता. दुकानातले थेंब म्हणजे तेच औषध असं धरून चालू नका.

सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व एकटं पुरत नाही. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत कुपोषित मुलांसाठी एक पूरक आहार तयार केला गेला. त्यात होतं हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि कच्चं केळं. नेहमीच्या तयार पूरक आहारापेक्षा त्यात कॅलरी कमी असूनही मुलांचं वजन जास्त चांगलं वाढलं, आणि वाढीशी निगडित जिवाणूही वाढले. २०२१ मध्ये ते निष्कर्ष आले. ती मुलं वर्ष ते दीड वर्षाची होती. या चारही गोष्टी आपल्याकडे मिळतात. सातव्या महिन्यात मऊ मुगाच्या खिचडीत तुपाचा थेंब आणि घोटलेली भाजी, मग एकेक नवी गोष्ट तीन दिवसांच्या अंतरानं. शेंगदाण्याचं बारीक कूट पातळ करून द्यायचं, अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतो. अंडं चालत असेल तर पूर्ण शिजवून जरूर द्या.

प्रश्न: आतड्यातले जिवाणू बी१२ जीवनसत्त्व बनवतात म्हणे. मग शाकाहारी माणसांत त्याची कमतरता का?
(सोलापूर)

उत्तर: ते बनवतात मोठ्या आतड्यात, आणि बी१२ शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या आधी. कारखाना वाटेत पुढे आणि बाजार मागे राहिला. स्पिरुलिनातलं बहुतेक बी१२ माणसाला उपयोगी पडत नाही, इडलीच्या पिठातल्यावर विसंबता येत नाही. दिवसाची गरज दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम, आणि अर्धा लिटर दूध-दह्यातून साधारण तेवढंच मिळतं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेत असाल तर शोषण आणखी घटतं. मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा असेल तर रक्त तपासा. जिवाणूंच्या भरवशावर थांबू नका.

प्रश्न: प्रतिकारशक्ती ‘बूस्ट’ करणारी पावडर, काढा, झिंकच्या गोळ्या यांतलं काय घ्यावं?
(ठाणे, वसई, पणजी)

उत्तर: काहीच नाही, कमतरता सिद्ध झालेली नसेल तर. नुसती चढवलेली प्रतिकारशक्ती कुणालाच नको असते. सांधे सुजवणारा आमवात हाही अतिउत्साही प्रतिकारच असतो. झिंकचं उदाहरण घ्या. प्रौढाची सुरक्षित मर्यादा रोजची ४० मिलिग्रॅम. महिनोन् महिने ५० च्या गोळ्या घेतल्या तर तांबं कमी पडतं आणि त्यापायी पांढऱ्या पेशीच घटू शकतात. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, वाद अजून आहे, पण आमवातासारखा स्वयंप्रतिकाराचा आजार असलेल्यांनी तो काढा टाळावा हे आम्ही स्पष्ट सांगतो. पैसे खर्चायचेच असतील तर प्रथिनांवर खर्चा. प्रतिपिंडं प्रथिनांचीच असतात. वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम रोज. दोन वाट्या वरण, एक वाटी उसळ, दोन वाट्या दही, भाकरी आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात ते जवळपास भरतं. नुसत्या वरणाच्या पाण्यात भरत नाही.

प्रश्न: शिळा भात जिवाणूंना चांगला, असं वाचलं. रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देतो, ते बरोबर का?
(बेळगाव)

उत्तर: गार झालेल्या भातात न पचणारं पिष्ट थोडं वाढतं हे खरं. पण ओट्यावर रात्रभर नको. भातातल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही उरतात, उबेत उगवतात आणि त्यांचं उलट्या करणारं विष फोडणीच्या आचेनं जात नाही. भात पसरट भांड्यात तासाभरात निववून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा.

प्रश्न: इथे शौचाचा नमुना पाठवला की आतड्यातल्या जिवाणूंचा अहवाल आणि त्यानुसार आहार देतात. जाहिरातीत लिहिलं होतं की शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, वजन दोन किलो. करून घ्यावा का?
(न्यू जर्सी)

उत्तर: दहापट हा जुना अंदाज २०१६ मध्येच मोडीत निघाला. नव्या गणनेत जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, पेशी सुमारे ३० लाख कोटी, आणि जिवाणूंचं वजन साधारण २०० ग्रॅम. जाहिरात इतकी मागे असेल तर अहवालाकडूनही फार अपेक्षा नको. ‘निरोगी’ वस्ती कशी असते याचं मान्य प्रमाणच अजून ठरलेलं नाही, एकच नमुना दोन प्रयोगशाळांत वेगळा निघू शकतो, आणि काल काय खाल्लं यावरही आकडे हलतात. तक्रार असेल तर डॉक्टर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याचा दाह दाखवणारं प्रथिन) किंवा जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी सांगतील, त्यांच्या निकालावर उपचार ठरतो. तक्रार नसेल तर तेच डॉलर भारतीय दुकानातल्या मटकी, चवळी आणि ज्वारीच्या पिठावर खर्च करा. पीठ घेताना पाकिटावरचा चोथ्याचा आकडा बघा, तो फार कमी असेल तर त्यातला कोंडा काढलेला असू शकतो.